विल्यम्स की ॲमहर्स्ट : निवडीचे अर्थशास्त्र

१ मे हा महाराष्ट्राचा स्थापनादिन. अमेरिकेतील मराठी कुटुंबांनाही तो परका नाही. परंतु ज्या घरात शालान्त वर्गातील मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरी या तारखेला आणखी एक अर्थ असतो. मार्चअखेर महाविद्यालयांची प्रवेशपत्रे हाती येतात आणि त्यांपैकी एकाला होकार कळविण्याची रूढ मुदत १ मे रोजी संपते. मधल्या चारपाच आठवड्यांत घरखरेदीखालोखाल खर्चाचा ठरावा असा निर्णय घ्यावयाचा असतो, आणि तो बऱ्याच अंशी सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या कलावर सोपवावा लागतो.

हा पेच सर्वांत अवघड होतो तो दोन तुल्यबळ छोट्या महाविद्यालयांपैकी एक निवडताना. लिबरल आर्ट्स कॉलेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निवासी संस्थांत पदव्युत्तर शिक्षणाचा पसारा जवळजवळ नसतो. विद्यार्थ्याने एकाच विषयात लवकर कोंडून न घेता साहित्य, गणित, इतिहास आणि विज्ञान यांचा सांगड घालून अभ्यास करावा, आणि प्राध्यापकाने शिकविणे हे आपले पहिले काम मानावे, ही तेथील परंपरा. मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स आणि ॲमहर्स्ट ही या परंपरेतील जुनी जोडी होय.

फुटीतून जन्मलेली स्पर्धा

विल्यम्सची स्थापना १७९३ सालची. मराठी वाचकाला या संस्थेचे नाव अपरिचित असले तरी तिचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. १८१३ साली मुंबईस येऊन मराठी शिकलेले अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल हे विल्यम्सचे १८०८ चे पदवीधर होते. डोंगराळ कोपऱ्यातील ही जागा महाविद्यालयास योग्य नाही, असे मत झालेले विल्यम्सचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर हे १८२१ साली काही विद्यार्थ्यांसह बाहेर पडले आणि नव्याने निघालेल्या ॲमहर्स्टचे पहिले अध्यक्ष झाले. जाताना त्यांनी ग्रंथालयातील पुस्तकेही नेली, ही आख्यायिका विल्यम्सचे विद्यार्थी अजून चवीने सांगतात. १८५९ साली अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन बेसबॉलचा पहिला सामना याच दोघांत झाला; ॲमहर्स्टने तो ७३ विरुद्ध ३२ असा जिंकला.

आज या दोन संस्थांची तुलना करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. दोन्हीकडे विद्यार्थी सुमारे दोन हजार. दोघांचीही गंगाजळी तीन अब्ज डॉलरहून अधिक. मुलींना पदवीसाठी दार उघडले ते विल्यम्सने १९७० साली आणि ॲमहर्स्टने १९७५ साली. राष्ट्राध्यक्षपदही दोघांच्या वाट्याला एकेकदा आले : विल्यम्सचे गारफील्ड, ॲमहर्स्टचे कूलिज. एका वृत्तसाप्ताहिकाने १९८३ साली सुरू केलेल्या महाविद्यालयांच्या क्रमवारीत वरची स्थाने बहुतेक वर्षे याच दोन नावांकडे राहिली आहेत.

अशा स्थितीत क्रमवारीचा उपयोग कमी आणि उपद्रव अधिक. काही वस्तूंचे मोल त्यांच्या उपयुक्ततेपेक्षा त्या इतरांपेक्षा वरच्या मानल्या जातात यावर ठरते. अर्थशास्त्रात त्यांना स्थानसापेक्ष वस्तू म्हणता येईल. पहिला आणि दुसरा यांतील अंतर नगण्य असले तरी आकडा मात्र एक आणि दोन असाच छापावा लागतो, आणि घरोघर तो आकडा गुणवत्तेचा निवाडा समजला जातो.

खरा फरक कोठे ?

वस्तुत: फरक आहे तो शिकविण्याच्या पद्धतीत. ॲमहर्स्टमध्ये पहिल्या वर्षाचे एक चर्चासत्र आणि निवडलेला मुख्य विषय सोडला, तर कोणताही विषय सक्तीचा नाही. विल्यम्समध्ये मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे आणि विज्ञान-गणित या तिन्ही शाखांत काही अभ्यासक्रम घ्यावेच लागतात. तेथील ट्यूटोरियल पद्धतीत एका प्राध्यापकासमोर दोनच विद्यार्थी बसतात. एकाने निबंध वाचायचा, दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची आणि पुढच्या आठवड्यात भूमिका बदलायच्या. ॲमहर्स्टच्या विद्यार्थ्याला शेजारची स्मिथ व माउंट होल्योक ही महाविद्यालये आणि मॅसॅच्युसेट्स राज्य विद्यापीठ येथील वर्गांतही बसता येते. विल्यम्सभोवती आहेत ते मुख्यत: डोंगर. मूर यांनी १८२१ साली उपस्थित केलेला प्रश्न आजच्या विद्यार्थ्यापुढेही तसाच आहे.

यांतील कोणती पद्धत श्रेष्ठ, या प्रश्नाला सर्वसाधारण उत्तर नाही. गणिताला भिणारा मुलगा संपूर्ण मोकळीक मिळताच गणित कायमचे सोडून देईल, तर स्वत:ची दिशा सापडलेल्या मुलीला तीच मोकळीक वरदान ठरेल. तेव्हा तपासावयाचा आहे तो महाविद्यालयाचा क्रमांक नव्हे, तर स्वत:चा स्वभाव.

छापील किंमत आणि खरी किंमत

दुसरा फरक पैशाचा, आणि तो बाहेरून दिसत नाही. दोन्हीकडील वर्षाचा जाहीर खर्च ऐंशी हजार डॉलरच्या पुढे आहे. परंतु कुटुंबाचे उत्पन्न व मालमत्ता पाहून साहाय्य दिले जात असल्याने अनेकांना तो पुरता भरावा लागत नाही. ॲमहर्स्टने २००८ साली साहाय्यातील कर्जाचा भाग काढून अनुदान देण्यास प्रारंभ केला. विल्यम्सने २०२२ साली कर्जाबरोबर काम करून कमावण्याची अटही वगळली. तथापि कुटुंबाची ऐपत मोजण्याची रीत प्रत्येक संस्थेची वेगळी असू शकते, आणि एकाच घराला दोन ठिकाणांहून भिन्न आकडे येऊ शकतात.

एके काळी नामांकित संस्था दर वसंतात एकत्र बसून दोघांकडे प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला किती साहाय्य द्यावे हे संगनमताने ठरवीत. पैसा बोली लावण्यात न जाता गरजूंकडे जावा, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. परंतु ही किंमतनिश्चिती आहे असे म्हणून १९९१ साली न्यायखात्याने आठ आयव्ही लीग विद्यापीठे आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांच्याविरुद्ध कारवाई केली. मात्र तुलनेची ही संधी सर्वांना सारखी मिळत नाही. नोव्हेंबरमध्येच एका महाविद्यालयाला बांधून घेणाऱ्या अर्ली डिसिजनच्या मार्गाने जाणाऱ्याला दुसरा आकडा पाहावयास मिळतच नाही. साहाय्य अपुरे पडल्यास त्यातून सुटता येते हे खरे. पण ज्याला खर्चाची चिंता नाही, त्यालाच हा मार्ग निर्धास्तपणे घेता येतो, हेही तितकेच खरे.

निवड कोणाला लाभते ?

मग या साऱ्या काथ्याकुटाने आयुष्यात किती फरक पडतो ? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे उत्तर विचार करावयास लावणारे आहे. निवडक महाविद्यालयात प्रवेश मिळूनही जे कमी नावाजलेल्या संस्थेत गेले, त्यांची पुढील कमाई सरासरीने इतरांइतकीच होती. नामांकित आणि कमी नामांकित यांत जर इतकेच अंतर, तर दोन तुल्यबळांत ते किती असणार ? म्हणून ज्या घरात दोन्ही पत्रे आली आहेत, त्या घराने चार वर्षांचा खरा खर्च मांडावा, मुलाचा स्वभाव ओळखावा आणि निर्णय घेऊन स्वस्थ व्हावे. चुकीचे उत्तर तेथे बहुधा नसतेच.

परंतु याच अभ्यासात एक अपवाद नोंदविला आहे : अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलांना निवडक संस्थेचा लाभ स्पष्टपणे होतो. आणि कॅरोलाइन हॉक्सबी व क्रिस्टोफर एव्हरी यांनी २०१३ साली दाखवून दिले की, उत्तम गुण मिळविणारी गरीब घरांतील बहुसंख्य मुले अशा संस्थांकडे अर्जच करीत नाहीत. छापील किंमत पाहून ती परत फिरतात; खरी किंमत त्यांच्यासाठी कितीतरी कमी असू शकते, हे सांगणारे जवळ कोणी नसते. २०११ पासून प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या खऱ्या खर्चाचा अंदाज देणारी सोय करावी असा संघराज्याचा नियम आहे. पण ती सोय आहे, हेही ठाऊक असावे लागते.

विल्यम्स की ॲमहर्स्ट, हा प्रश्न ज्याच्यापुढे उभा राहिला त्याचे बहुतांशी भलेच झाले आहे. ज्याच्यापुढे तो कधी उभाच राहत नाही, त्याच्यापर्यंत खरी किंमत वेळेवर कशी पोहोचवावी, याचा विचार या संस्थांनी आपसांतील चुरशीपेक्षा अधिक तळमळीने करावयास हवा.