बुलेटचा ठेका येतो कुठून?

बुलेटवाल्याला मायलेज विचारू नये, आवाज विचारावा. त्याची कळी लगेच खुलते. त्याच्या या वेडामागे साधं गणित आहे.

जुन्या 350 बुलेटच्या इंजिनात सिलिंडर एकच. त्याचा व्यास 70 मिलिमीटर, पण पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. फोर-स्ट्रोक असल्याने क्रँकच्या दोन फेऱ्यांत इंधनाचा स्फोट एकदाच होतो. गाडी उभी असताना मिनिटाला हजार फेरे धरले, तर सेकंदाला जेमतेम आठ स्फोट. सेकंदाला साधारण 20 च्या आत असलेले ठोके कानाला सुटे जाणवतात, त्यापुढे ते मिसळून सलग सूर होतो. म्हणून बुलेट ठेका धरते आणि चार सिलिंडरची गाडी गुणगुणते. दोन स्फोटांच्या मधल्या वेळात इंजिन बंद पडू न देण्याचं काम जड फ्लायव्हील करतं.

त्या एकट्या पिस्टनचे हादरे मात्र हँडल, सीट, फूटरेस्ट असे सगळीकडे पोचतात. बुलेटच्याच कंपनीच्या 2021 च्या क्लासिक मॉडेलमध्ये ते कमी करायला बॅलन्सर शाफ्ट आला. गाडी सुधारली, यात शंका नाही. तरी ‘आता ती मजा नाही’ म्हणणारे भेटतातच. त्यांना दोष काढून नको होता!

ठेका संथ यावा म्हणून काहीजण मेकॅनिककडून आयडलिंग फार उतरवून घेतात. तसं करू नका. ऑइल पंप इंजिनावरच फिरतो. फेरे घटले की तेलाचा दाबही घटतो.