बारामतीचं इंदापूर झालं, गिटला कळलं का?

आजचा विषय आहे शिळी कॅश. हा शब्द ऐकला की आपल्याला ब्राउझर आठवतो. पण ज्याच्या भरवशावर आपण कोड ठेवतो, त्या गिटमध्येही कॅश असते. समजा तुम्ही फाइल बदलली आणि गिट म्हणालं, "काहीच बदललं नाही." मग तो बदल कमिटमध्ये जाणार नाही. वर ब्रँच बदलली तर गिट त्या फाइलवर खुशाल दुसरी आवृत्ती लिहील. तुमची मेहनत गेली!

आता ही कॅश असते कुठे? लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये गिट लिहिलं, तेव्हा आज आपण जिला इंडेक्स म्हणतो तिला कॅशच म्हणायचे. म्हणून तर 'गिट डिफ'ला अजून 'कॅश्ड' हा पर्याय आहे.

तिचं काम समजायला आपल्याकडचा वजनकाटा आठवा. उसाची ट्रॉली कारखान्यावर आली की चिठ्ठीवर गाडी नंबर, वजन, वेळ येते. पुढे कुणी चिठ्ठी बघितली तर तेवढंच जुळवतो, ट्रॉली खाली करून ऊस मोजत बसत नाही. गिटही प्रत्येक फाइलचा आकार, बदलल्याची वेळ वगैरे इंडेक्समध्ये लिहून ठेवतं. 'गिट स्टेटस' दिलं की आधी ही चिठ्ठी जुळवतं. जुळली, तर फाइल उघडायचीच नाही. म्हणून हजारो फाइली असल्या तरी उत्तर पटकन येतं.

मग गडबड कुठे होते? आपल्याच गावांची नावं घ्या. देवनागरीत 'बारामती' लिहायला युनिकोडची सात चिन्हं लागतात आणि 'इंदापूर' लिहायलाही सातच. यूटीएफ-8 मध्ये एका चिन्हाला तीन बाइट, म्हणजे दोन्ही नावं 21 बाइटची. आता फाइलमध्ये 'बारामती' लिहिलं, 'गिट ॲड' केलं आणि त्याच सेकंदात तिथे 'इंदापूर' लिहिलं. आकार तोच, सेकंदापर्यंत बघितलं तर वेळही तीच. चिठ्ठी जुळते, पण माल वेगळा! गिटवाले याला 'रेसी गिट' म्हणतात, कारण ही शर्यत एका सेकंदाच्या आतली आहे.

यावर ज्युनिओ हमानो यांनी 2005 मध्येच उपाय केला. तो दोन पायऱ्यांत समजून घेऊ. पहिली पायरी: इंडेक्स फाइल स्वतः कधी लिहिली गेली, ते बघायचं. एखाद्या फाइलची नोंदलेली वेळ तेवढीच किंवा त्यानंतरची असेल, तर त्या चिठ्ठीवर विश्वास नाही. फाइल उघडून मजकूर तपासायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही, त्यामुळे वेगही राहतो.

पण थोड्या वेळाने तुम्ही दुसरी फाइल ॲड केली की इंडेक्स नव्याने लिहिला जातो आणि त्याची वेळ पुढे सरकते. मग आधीची संशयित फाइल एकदम सज्जन दिसायला लागते. म्हणून दुसरी पायरी: इंडेक्स लिहिण्याआधी संशयित फाइली तपासायच्या आणि जी खरंच बदलली असेल तिच्या नोंदीत आकार शून्य टाकायचा. पुढच्या वेळी आकार जुळणारच नाही, चोरी पकडली जाणार.

आता टेस्ट. गिटच्या सोर्स कोडमध्ये यासाठी छोटीशी टेस्ट आहे. ती फाइलमध्ये पाच अक्षरी शब्द लिहिते, इंडेक्समध्ये घालते, लगेच दुसरा पाच अक्षरी शब्द लिहिते आणि बदल दिसतो का बघते. मग एक सेकंद थांबून दुसरीच फाइल घालते आणि पुन्हा बघते. म्हणजे दोन्ही पायऱ्या तपासून झाल्या. आणि हे सगळं पाच वेळा! मला हे फार आवडतं. कारण मध्येच सेकंद बदलला, तर उपाय केलेला नसतानाही टेस्ट पास होईल. एकदा पास झाली म्हणून खूश व्हायचं नाही.

तुमच्या ॲपमध्ये शिळी कॅश दिसली, तर यातून तीन गोष्टी घ्या. एक, लगेच कॅश उडवू नका. पुरावाच जातो आणि बग तिथेच राहतो. गिटमध्ये तर इंडेक्स डिलीट केला की स्टेज करून ठेवलेली सगळी यादी जाते. दोन, बग मुद्दाम घडवा: तोच आकार, तीच वेळ, वेगळा मजकूर. उपायाआधी टेस्ट फेल झालीच पाहिजे. तीन, कॅश पुन्हा लिहिली गेल्यावरही उत्तर बरोबर येतं का, ते बघा.

लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्समध्ये गिट टाका आणि बारामती-इंदापूरचा प्रयोग करा. दोन कमांड हाताने टाइप करताना सेकंद निघून जाईल, म्हणून सगळं एकाच ओळीत लिहून एंटर मारा. 'गिट डिफ'मध्ये बारामती वजा आणि इंदापूर अधिक दिसलं, की समजा चिठ्ठी जुळूनही गिटने ट्रॉली उघडून बघितली. काय दिसलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!