कोपराला टक्कर, करंगळीत करंट!

ए, कोपर कधी बाकाच्या कडेला आपटलंय का? झण्ण! हातभर करंट! डोळ्यांत टचकन पाणी, आणि वर हसूही येतं!

आता नीट आठव हं. लागलं कुठे? कोपराला. मग झिणझिण्या कुठे आल्या? करंगळीत! तिच्या शेजारच्या बोटातही थोड्या. अंगठ्याला मात्र पत्ताच नाही!

असं कसं?

हा सगळा उद्योग एका मज्जातंतूचा. मज्जातंतू म्हणजे अंगातले निरोप मेंदूकडे नेणारी-आणणारी दोरी. हा मानेतून निघतो, दंडातून खाली उतरतो, कोपरामागून वळतो आणि थेट करंगळीपर्यंत पोहोचतो. वाटेत बहुतेक ठिकाणी तो मांसाखाली छान लपलेला असतो. पण कोपराशी? वर नुसती कातडी, खाली टणक हाड! टक्कर बसली की बिचारा मध्ये सापडतो.

बरं, पण ओरडते करंगळी, ते का?

समज, तुमच्या दाराला बेल आहे. बटण बाहेर, घंटी आत. कुणी बटण न दाबता भिंतीतल्या दोन वायरीच मध्ये एकमेकींना चिकटवल्या तर? घंटी वाजणारच! आई कणकेच्या हातांनी धावत येऊन दार उघडणार, आणि बाहेर कुणीच नाही! मेंदूची अगदी अशीच फजिती होते. या दोरीवरून निरोप आला की तो समजतो, करंगळीनेच धाडलाय. निरोप मधूनच, कोपरातून निघालाय, हे त्याच्या गावीही नसतं. एवढा हुशार मेंदू, आणि असा फसतो!

करून बघायचंय? हात वाकव. कोपराच्या आतल्या बाजूला एक उंचवटा लागेल. तो आणि कोपराचं टोक, यांच्यामध्ये एक खाच आहे. तिथे बोट अगदी हळू फिरव. काहीतरी गोल, दोरीसारखं सटकलं? तोच तो!

आपल्या अंगात अशा नाजूक जागा आणखी कितीतरी आहेत. त्यांना मर्म म्हणतात. आपल्याकडच्या ‘सुश्रुतसंहिता’ या शस्त्रक्रियेच्या जुन्या ग्रंथात त्यांची चक्क मोजणी आहे. किती असतील? ओळख पाहू! दहा? वीस? छे! १०७! त्यांतली ४४ हातापायांत आणि ३७ मान नि डोक्यात. कोपराचा सांधाही त्या यादीत आहे बरं का!

आता चल केरळला. तिथे कलरीपयट्टू नावाची लढाईची कला शिकवतात. सरावाची जागा म्हणजे कलरी. परंपरेने ती ४२ फूट लांब, २१ फूट रुंद आणि जमिनीत खणलेली असते. पायाखाली माती. तिथले गुरू, म्हणजे गुरुक्कल, ही मर्मं शिकवतात. पण कधी, सांग बघू?

सगळ्यात शेवटी!

आधी नुसती अंगाची कसरत. वाकणं, उड्या, उंच लाथा. मग लाकडी काठ्या. मग तलवार-ढाल. आणि हे सगळं जमल्यावर रिकाम्या हातांची लढाई आणि मर्मं! आपल्याला वाटतं, रिकामे हात सोपे, तलवार अवघड. तिथे नेमकं उलटं! केरळातल्याच वडकरा गावच्या मीनाक्षी अम्मा सातव्या वर्षी कलरीत उतरल्या आणि सत्तरी ओलांडल्यावरही शिकवत राहिल्या. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मर्मं शेवटी का? अरे, जागा असते जेमतेम बोटभर, आणि समोरचा काही पुतळ्यासारखा उभा राहत नाही! पाय पक्के नसतील, अंगात चपळाई नसेल, तर नेम लागणार कसा? शिवाय सगळ्यांना सारखं दुखतही नाही. सिनेमातला हिरो दोन बोटं टेकवतो आणि गुंड जागच्या जागी गोठतो, ती शुद्ध थाप!

आणि खरी गंमत पुढेच आहे. हेच गुरुक्कल लोकांवर उपचारही करतात! कुणाचा पाय मुरगळला, कुणाची पाठ धरली, की तेल लावून मालिश करतात. मर्मं कुठे आहेत हे पक्कं ठाऊक असल्यामुळे तिथे हात किती जपून फिरवायचा, हेही त्यांना ठाऊक असतं. एकच विद्या, काम मात्र दोन!

तू कराटेच्या क्लासला जात असशील, तर सरांना नाहीतर ताईंना जरूर विचार, की अशा जागा कितव्या पट्ट्याला शिकवतात. तोवर मित्रमैत्रिणींवर प्रयोग मात्र अजिबात नको! विशेषतः मानेवर आणि गळ्यावर. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळ्या तिथूनच जातात.