नाव तेच, बटण वेगळं

२०१४ ची लोकसभा, रायगड मतदारसंघ. शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंपेक्षा फक्त २,११० मतं जास्त घेऊन जिंकले. आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला पडली होती ९,८४९ मतं! त्यातली चुकून किती पडली ते कोणालाच सांगता येणार नाही, पण आकडे बघा.

माझं रोजचं काम डेटाबेसचं. तिथे नाव ही कुणाची ओळख धरायचीच नाही, प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक द्यायचा. ईव्हीएमही तेच करतं. मशीनला नाव कळत नाही, दाबलेल्या बटणाचा क्रमांक तेवढा कळतो आणि मत त्याच खात्यात जातं. म्हणजे गोंधळतो तो मतपत्रिका वाचणारा माणूस.

१९६१ च्या नियमांत यावर तोड होती: नावं सारखी असतील तर व्यवसाय किंवा पत्ता जोडा. (रांगेतून आत गेल्यावर तो वाचणार कोण?) म्हणून १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटोही आला. २०२५ मध्ये बिहारपासून तो रंगीत झाला. फोटो छापतात नाव आणि चिन्ह यांच्या मधोमध, त्यामुळे बोट बटणाकडे जाताना नजर चेहऱ्यावरून जातेच.