बीचवूड बेटावरचं मौन

रहस्यकथेची घडण : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण बंद खोलीतला खून पाहिला. तिथे लपलेला असतो तो खुनी. आजच्या कादंबरीत लपलेली असते ती घटनाच, आणि तिचा तपास करायला पोलीसही येत नाहीत आणि गुप्तहेरही. ई. लॉकहार्ट यांची ‘वी वेअर लायर्स’ २०१४ साली आली ती कुमारवयीन वाचकांसाठी, पण मोठ्यांनीही ती जरूर वाचावी.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ श्रीमंत सिंक्लेअर घराण्याचं स्वतःच्या मालकीचं बीचवूड नावाचं बेट आहे. आजोबा हॅरिस आणि त्यांच्या तीन मुली, प्रत्येकाचं वेगळं घर. थोरली नात केडन्स पंधरा वर्षांची असताना तिथे काहीतरी घडलं. तेव्हापासून तिला भयंकर अर्धशिशी आहे आणि त्या उन्हाळ्यातलं फारसं काही आठवत नाही. घरातले तिला काही सांगत नाहीत. तिचं तिलाच आठवू द्या, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे गुन्हा, साक्षीदार आणि शोध घेणारी, सगळं एकाच डोक्यात!

लेखिकेची खरी करामत सुरुवातीच्या पानांतच दिसते. वडील घर सोडून निघालेत, सामान गाडीत ठेवून झालंय. तेवढ्यात ते पिस्तूल काढून केडन्सच्या छातीत गोळी झाडतात. ती हिरवळीवर कोसळते, रक्त वाहतं. आई म्हणते, सावर स्वतःला, तमाशा नको. क्षणभर आपण हादरतो. मग कळतं, गोळी कुणीच झाडलेली नाही. या मुलीचं दुःख असंच बोलतं. खरं काय आणि तिच्या मनातलं काय, हे इथून पुढे प्रत्येक पानावर आपणच पारखायचं. लेखिकेने फसवलं, असं मी तरी म्हणणार नाही, कारण तिने आधीच सावध केलं होतं.

आजी गेल्यावर तिच्या वस्तूंवरून आणि घरांवरून तिघी बहिणींची धुसफूस सुरू होते. प्रत्येक आई आपल्या मुलांना आजोबांकडे पिटाळते. लाडीगोडी लाव, ते घर आपल्याला हवंय म्हणून सांग! मधूनमधून केडन्स एक राजा आणि त्याच्या तीन मुलींची गोष्ट सांगते, आपल्या आटपाट नगरातली शोभावी अशी. दर वेळी ती वेगळ्या वळणाने जाते. घरात जे उघड बोलता येत नाही, ते ती या गोष्टींमधून बोलून घेते.

आणि मग गॅट. मावशीच्या जोडीदाराचा हा भारतीय वंशाचा पुतण्या, आडनाव पाटील. आपल्याकडे गावाचा मान ज्या नावाला, ते नाव इथे परक्याचं आहे. केडन्सचं त्याच्यावर प्रेम आहे. आठ वर्षांचा असल्यापासून तो बेटावर येतोय, पण आजोबा त्याला नावाने हाक मारत नाहीत, ‘यंग मॅन’ म्हणतात. त्यांच्या बोलण्यात कुठे उणा शब्द नाही. केडन्सला यात वावगं काही दिसलेलंच नसतं. ते गॅटला तिच्यासमोर बोलून दाखवावं लागतं.