पूर्ण मोडेम आणि अर्धा मोडेम

दूरध्वनीची तार मनुष्याच्या आवाजासाठी घातली गेली. सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्यांचा ध्वनी तिच्यातून नीट वाहतो. संगणकास मात्र शून्य आणि एक ही दोनच चिन्हे ठाऊक. त्या चिन्हांना ध्वनीचे रूप देऊन तारेवर सोडावयाचे व पलीकडून आलेल्या ध्वनीतून ती पुन्हा वेचून काढावयाची, हे कार्य करणाऱ्या उपकरणास मोडेम म्हणतात.

प्रारंभी हे सारे श्रम मोडेम स्वतःच करीत असे. त्याच्या पेटीतील एक चिप ध्वनी घडवी व उलगडी, तर दुसरी संगणकाच्या आज्ञा पाळी. १९८१ साली आलेल्या हेज कंपनीच्या स्मार्टमोडेममुळे ‘एटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा रूढ झाल्या. ‘एटीडीटी’ व त्यापुढे क्रमांक लिहिला की फोन लागे. आज्ञा कोणत्या कार्यप्रणालीकडून आली, याची अशा मोडेमला काहीच फिकीर नसे.

१९९० नंतरच्या दशकात संगणकाचे मुख्य प्रक्रियक वेगवान झाले. तेव्हा उत्पादकांनी मोडेममधील या चिपा गाळून त्यांचे काम पुष्कळसे प्रक्रियकावरच लादले. कार्ड स्वस्त झाले. पण ते चालविणारे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजपुरतेच लिहिले जाई, आणि कार्डाची अंतर्रचना गुप्त राही. म्हणूनच त्यास ‘विनमोडेम’ हे नाव पडले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेली लिनक्स प्रणाली वापरणारा मनुष्य असे कार्ड घरी आणी, तेव्हा त्याच्या हाती वस्तुतः अर्धाच मोडेम आलेला असे. काही कार्डांसाठी पुढे लिनक्सचे चालक निघाले खरे. तथापि प्रणालीचा गाभा बदलला की ते पुष्कळदा निरुपयोगी ठरत.

मग पूर्ण मोडेम ओळखावा कसा? सिरियल पोर्टास जोडावयाचा, स्वतंत्र वीजपुरवठ्याचा बाह्य मोडेम जवळजवळ निश्चितपणे पूर्ण असतो. त्या पोर्टातून ‘एटी’ असे लिहून पाठवावे. ‘ओके’ हे उत्तर आले, तर मोडेम आज्ञा ऐकतो आहे. आत बसवावयाच्या कार्डाच्या वेष्टनावर केवळ विंडोजचा उल्लेख असल्यास संशय घ्यावा. डॉसचाही असल्यास ते सुचिन्ह होय. यूएसबी मोडेमच्या बाबतीत मात्र पेटी बाहेर आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण त्यांतही अर्धे मोडेम आढळतात.