मेहनत सगळ्यांची, कोपर ज्याचं त्याचं
ताकदीची शाळा : लेखांक ७

गेल्या आठवड्यात पंजा लढवण्याच्या टेबलावरचे तीन मुख्य डाव पाहिले. टॉपरोलमध्ये समोरच्याच्या बोटांवर चढून त्याचं मनगट उघडायचं, हुकमध्ये आपलं मनगट आत दुमडून त्याला जवळ ओढायचं आणि प्रेसमध्ये खांदा हाताच्या मागे आणून दाबायचं. हे डाव कळले की पोरांना एकच घाई होते. चारजण गोळा करायचे, कुठेतरी टेबल मांडायचं आणि हात भिडवायचे. म्हणून आज सामुदायिक मेहनतीविषयी.

ठाण्यात घोळक्यानं घाम गाळण्याची सवय नवी नाही. इथल्या मंडळांची कबड्डी त्याच सवयीवर उभी राहिली. बाळकुमला तर अंगमेहनत पोटापाण्यातूनच आलेली. जुन्या आग्रा रोडवरचं हे आगरी-कोळ्यांचं गाव आज टॉवर आणि मेट्रो-५ चे खांब यांच्यामध्ये सापडलंय. पण पलीकडे कशेळी-काल्हेरच्या खाडीत बुडी मारून बादलीनं रेती काढणारे आणि ओलं जाळं होडीत ओढून घेणारे हात या पट्ट्यानं पाहिलेत. ओला दोर मुठीतून निसटू न देणं हीच पंजाची पहिली परीक्षा. ती माणसं रोज ती देत होती, फक्त टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. टाळ्या आता आल्या. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दिल्लीत प्रो पंजा लीगचा पहिला हंगाम झाला, त्यात ‘मुंबई मसल’ नावाचा संघही होता. गल्लीतल्या पोरानं मोबाइलवर ते पाहिलं आणि जिममधल्या दोस्तांना हाक मारली, यात नवल नाही.

आता मेहनत कशी असते ते बघू. पंजाची लढत कधी दोन सेकंदांत संपते, तर कधी दोघं मध्यावर अडकून मिनिटभर थरथरत राहतात. त्यामुळे नुसता दंड फुगवून भागत नाही. ताकद आणि दम दोन्ही लागतात. गटातली मेहनत साधारण फेऱ्यांची असते. जोर-बैठकांनी अंग तापवायचं. मग आडव्या दांड्यावर टॉवेल टाकून त्याला लोंबकळायचं, म्हणजे बोटं आणि मनगट एकदमच बोलू लागतात. दोन्ही हातांत जड वजनं घेऊन मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. जाड दांड्याला दोरीनं वजन बांधून, मनगटं फिरवत ते वर गुंडाळायचं आणि तितक्याच सावकाश खाली सोडायचं. दोरीवर चढायचं, पायांचा आधार न घेता. शेवटी तांदळानं भरलेल्या बादलीत हात खुपसून बोटं उघडायची आणि मिटायची. हा प्रकार दिसायला पोरकट, पण करून झाल्यावर शर्टाची बटणं लावून दाखवा.

हे सगळं एकट्यानं करता येतं, पण होत नाही. टॉवेलला लोंबकळताना बोटं सुटू लागतात तेव्हा शेजारचा अजून टिकलाय हे दिसलं की आणखी काही क्षण धरवतं. तालमीत हे फार पूर्वीच ओळखलं होतं. पहाटे सगळ्यांनी रांगेत जोर आणि सपाटे मारायचे, हौद मिळून उकरायचा, थकलेल्यानं लाजेकाजेस्तव का होईना पुढचा आकडा गाठायचा. पण तालमीतली एक गोष्ट आपल्या नव्या गटांनी उचललीच नाही. जोर सगळे मिळून मारत, पण लढत कोणी कोणाशी धरायची, किती वेळ आणि कधी थांबायचं हे वस्ताद ठरवत असे. नवख्याला थेट तयार गड्याच्या अंगावर सोडत नसत. पंजाच्या गटात बहुधा वस्ताद नसतो. फार तर एखादा थोरला दादा असतो, आणि त्यालाही जिंकायचंच असतं.

याची किंमत कोपर मोजतं. स्नायू लवकर तयार होतात, काही आठवड्यांत फरक दिसतो. हाडाला स्नायू जोडणारे कंडरे मात्र मंद असतात. त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्यांची घडण महिन्यांच्या हिशोबानं चालते. नव्या पोराच्या दंडात तिसऱ्या महिन्यात जी ताकद येते ती पेलायला त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूचे कंडरे अजून तयार नसतात. गट मात्र दंडाकडे बघून त्याला पुढच्या जोडीत ढकलतो. कोपराच्या आतल्या अंगाला सकाळी ठणका लागणं आणि मूठ वळताना कळ येणं ही पहिली सूचना असते. गटात ती सांगायची लाज वाटते, आणि सगळं बिघडतं ते तिथे.

दुसरा धोका मोठा आहे. हात हरतीकडे झुकलाय, पण हार मान्य नाही, म्हणून माणूस हात तसाच ठेवून अंग आणि मान उलट्या बाजूला वळवतो. खांद्यातून दंडाच्या हाडाला पीळ बसतो आणि ते कोपराच्या थोडं वर, पीळदार रेषेत तुटतं. या खेळातली ही ठरलेली दुखापत आहे, वैद्यकीय लिखाणात तिची नोंद वारंवार सापडते. त्या हाडाला चिकटून जाणारी नस दुखावली तर मनगट लुळं पडतं आणि सावरायला महिने जातात. बचाव सोपा आहे. नजर आणि छाती आपल्या मुठीकडे असू द्या, हात खांद्याच्या रेषेमागे जाऊ देऊ नका. तसा गेलाच तर सोडून द्या. सरावात हरल्यानं कोणाचं काही जात नाही.

म्हणून माझं म्हणणं, फेऱ्या सगळ्यांनी मिळून करा, मरेस्तोवर करा, हरकत नाही. टेबल मात्र प्रत्येकाचं वेगळं मोजा. नवख्याला पहिले काही महिने आठवड्यातून एकदाच टेबल पुरे, आणि तेही ‘रेडी, गो’ न म्हणता. हात सावकाश भिडवायचा, दाब हळूहळू वाढवायचा, मध्यावर धरून ठेवायचा. झटक्याची सुरुवातच कंडऱ्यांना सगळ्यात जास्त मारते. आणि फेऱ्यांनी थकल्यावर टेबलावर जाऊ नये. स्नायू दमले की सगळा भार सांध्यावर येतो. बहुतेक गट नेमकं उलटं करतात, टेबल शेवटी ठेवतात, जेवणानंतरच्या पानासारखं.

खाडीकाठच्यांसाठी एक जास्तीची सूचना. मे महिन्यात इथल्या दमट हवेत हाताला लावलेल्या चॉकचा काही मिनिटांत चिखल होतो आणि पकड सुटते. पकड सुटताच झटका बसतो, तो कोपरालाच. पंख्याखाली सराव करा, प्रत्येक जोडीआधी हात पुसा, आणि दोनदा सुटलं की दोघांचे हात सरळ पट्ट्यानं बांधा. स्पर्धेतही हात सुटला की पंच पट्टा बांधतातच.

(पुढील लेखांकात : टेबलाची बांधणी आणि पंच फाउल कशाला देतात)